चौथ्या तारेखालची पट्टी

"हे ऐकल्यावर तुम्ही मला खोटारडा म्हणणार आहात," मी साताऱ्याहून आलेल्या त्या तरुणाला म्हणालो. "तेव्हा आत्ताच म्हणून घ्या. आजवर एकानंही विश्वास ठेवलेला नाही, आणि कुणी ठेवला असता तर मलाच त्याची काळजी वाटली असती."

श्रेयस त्याचं नाव. इंजिनिअर होता. आईच्या साठीला तंबोरा द्यायचा म्हणून मिरजेत आला होता, आणि त्या तंबोऱ्याची जवारी लागेपर्यंत हमीदचाचांच्या दुकानात बसून राहण्याखेरीज त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. अशी अडकलेली गिऱ्हाइकं मला फार आवडतात.

दुकान मी चड्डीत होतो तेव्हापासून आहे तसंच आहे. आढ्याला टांगलेले भोपळे, लाखेचा वास, खिडकीशी चाचांची खाट. चाचा आता अठ्ठ्याऐंशीचे. हवं ते ऐकू येतं, नको ते येत नाही. त्या सकाळी ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांची मुलगी शमीम पाटावर बसून डाव्या हातानं कानस चालवत होती. मी तोंड उघडलं तशी तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, 'आज किती वाढवणार?' असं, आणि पुन्हा मान खाली घातली.

"जवारी म्हणजे काय ते ठाऊक आहे ना?" मी श्रेयसला विचारलं.

"आई म्हणते, तिच्यामुळे तंबोरा बोलतो."

"बरोबर म्हणते. ही बघा तारांखालची घोडी. हिची पाठ डोळ्याला दिसणार नाही इतकीच बाकदार घासायची. तार तिला नुसती चाटून गेली पाहिजे. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा तुकडा सरकवायचा आणि तो केसभर पुढे, केसभर मागे करत राहायचं. नेमक्या जागी आला की तार गुंजायला लागते. चुकला, की तंबोरा म्हणजे चार तारा ओढलेला भोपळा."

"आणि ह्यात तुमचं काय काम?"

"माझं? मी प्लॅस्टिकचा पैलवान घेऊन आलो होतो."

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पुण्याला एका प्रयोगशाळेत नोकरीला होतो. शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, वर्कशॉपमध्ये फिटर. वैजयंती मॅडम नावाच्या एक शास्त्रज्ञ तिथं पट्ट्या बनवायच्या, आणि त्या पट्ट्या पकडायला पितळेचे बारके चिमटे मी बनवायचो. पट्टी बोटभर लांब, काळीभोर, दुधावरच्या सायीसारखी लवलवती. तिला दोन पेन्सिल सेल जोडले की ती वाकायची. सेल उलटे लावले की उलटी वाकायची. मोटर नाही, चाक नाही, आवाज नाही. नुसतं प्लॅस्टिक, पण विजेवर हालणारं.

"आधीच्या पट्ट्या अगदीच मरतुकड्या होत्या," मी सांगितलं. "मग मॅडमनी त्यात कार्बनच्या नळ्या कालवल्या. केसाचे उभे पन्नास हजार भाग करा, त्यातल्या एका भागाएवढी एक नळी. गिलाव्याच्या मातीत भुसा कालवतात ना, भिंत धरून राहावी म्हणून? तसंच. पट्टीला ताकदही आली आणि वीजही तिच्या कानाकोपऱ्यात पोचायला लागली."

"नॅनोट्यूब," श्रेयस म्हणाला. "आमच्या कॉलेजात होत्या. पण काका, तरीही जोर फार येत नाही. थोडे ग्रॅम, बस."

"तुमच्या कॉलेजात येत नसेल. आमच्या पट्टीनं एकदा मॅडमचा चष्मा उचलून, घडी घालून टेबलावर ठेवला होता."

शमीमची कानस क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"मॅडमच्या डोक्यात पुष्कळ होतं," मी घाईघाईनं पुढे गेलो. "हृदयापर्यंत घालायच्या नळीचं टोक आतल्या आत वळवायचं. अंधांसाठी असं पान करायचं, की ज्याच्यावरचे ठिपके वर-खाली होतील. पान तेच, मजकूर नवा. औषध थेंबाथेंबानं सोडणारा पंप. एका पट्टीची तर शेपटी करून टाकीत सोडली होती, माशासारखी पोहायची. प्रयोगशाळेचं मांजर टाकीशी तीन दिवस बसून होतं. चौथ्या दिवशी त्यानं राजीनामा दिला."

श्रेयस हसला. गिऱ्हाईक हसलं की निम्मं काम झालेलं असतं.

तर मे महिन्यात मी रजेवर मिरजेला आलो तो नापास झालेल्या चार पट्ट्या डब्यात घालून. मॅडमनीच दिल्या होत्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. "दिगंबर, ह्यांना वाळू देऊ नका," म्हणाल्या. पट्टीच्या आतल्या ओलाव्यात मिठाचे कण असतात, आणि वीज लागली की ते एका बाजूला धावतात. म्हणून तर ती वाकते. वाळली की संपली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुकानात आलो. चाचा पाटावर बसलेले, उजवा हात मांडीवरच्या पंच्याखाली. शेजारी रेडिओ. सेल संपल्यामुळे तो मुका झाला होता, आणि चाचा डाव्या हातानं त्याला थोबाडीत मारत होते.

"क्या रे दिगू, पुण्यात जेवायला घालत नाहीत काय?"

"घालतात की. तुमचा हात का झाकलाय?"

"गरम होतंय."

"म्हणून झाकलाय?"

त्यांनी रेडिओला आणखी एक लगावली. शमीम चहा घेऊन आली, तेव्हा चोविशीची होती. तिनं कप पुढे केला, तशी चाचा खेकसले, "सरळ हातानं दे! पाहुण्याला डाव्या हातानं देतात?" तिनं कप उजव्या हातात घेतला आणि बशीत निम्मा चहा सांडला.

चाचा नमाजला गेल्यावर तिनं मला एक घोडी दाखवली. पाठीवर खड्डा पडला होता.

"तीन वाया गेल्या, दिगूकाका. अब्बांचा हात थरथरतो. ऐकू सगळं येतं, कुठं किती घासायचं तेही कळतं, पण हात जात नाही तिथं."

"मग?"

"गुरुवारी चार वाजता कमलाताई हुद्दार येणार आहेत."

कमलाताईंचं नाव मलाही ठाऊक होतं. तीस वर्षं त्या ह्याच दुकानातून तंबोऱ्याचे जोड नेत होत्या. मागच्या जोडातल्या एका तंबोऱ्याची चौथी तार, खर्जाची, बोलत नव्हती. त्यांनी निरोप धाडला होता: नवा जोड ऐकते, ह्याही वेळी खर्ज गप्प असेल तर मला दुसरं दुकान बघू द्या. ताई गेल्या की त्यांचे शिष्य जाणार, आणि आमच्या गल्लीत असली बातमी चहा उकळायच्या आत पसरते. दोन कारागीर आधीच सोडून गेले होते. समोरच्या दुकानातून जवारी लावून आणण्यापेक्षा चाचा लाख पिऊन मोकळे झाले असते.

"शमीमला का देत नाही कानस?" संध्याकाळी मी चाचांना सरळच विचारलं. "जन्मापासून बघतेय ती."

"माझ्या बापानं कानस दिली तेव्हा शब्द घेतला होता. जवारीची कानस पोरीच्या हाती द्यायची नाही. पोरींनी तारा चढवाव्यात, भोपळे रंगवावेत."

"आणि मुलगा नसला तर?"

"ते त्यानं सांगितलं नाही. त्याला होते ना चार."

मग मी डबा उघडला.

बुधवारचा अख्खा दिवस त्यात गेला. घोडीखाली पितळेचा चिमटा बसवला, त्यात पट्टीचं एक टोक धरलं आणि दुसरं टोक चौथ्या तारेखालच्या सुताला टेकवलं. साबणाच्या डबीत दोन नवे सेल, वरून जुन्या रेडिओचं गोल बटण, आणि डबीपासून पट्टीपर्यंत हातभर लांब वायर. पट्टीभोवती ओलं फडकं. बटण फिरवलं की पट्टी वाकणार आणि सूत सरकवणार. माणसाचा हात नकोच, म्हणजे थरथर नको.

"भोपळ्याला शॉक देणार आता," चाचा म्हणाले. "बुजुर्ग बघत असतील वरून."

"बघू देत. शमीम, छेड तार."

शमीमनं तार छेडली. ठण्ण. मी बटण पावभर फिरवलं. पट्टी हळूच मान वळवावी तशी वळली. सूत सरकलं. तार जराशी कण्हली.

चाचांनी डोळे मिटले. "अजून."

अजून फिरवलं. तार थोडी आणखी कण्हली, आणि तिथंच अडली.

"पट्टी हुशार आहे रे," चाचा म्हणाले. "पण घोडीची पाठच चुकलीय. सूत बिचारं काय करणार?"

"सकाळपर्यंत मुरू दे तिला पाण्यात, जोर येईल," मी ठोकून दिलं.

गुरुवारी सकाळी अकराला आलो, तर चाचा खुशीत. फडकं नाहीसं झालेलं, आणि पट्टी आरशासारखी चमकत होती.

"चाचा, हे काय केलंत?"

"ओलं होतं रे! लाकडाला ओलं फडकं? ह्या दुकानात? मी जिवंत असताना? पुसून कोरडं केलं आणि पट्टीला लाखेचे दोन हात दिले. बघ, कसा चढलाय रंग."

रंग खरोखरच सुरेख चढला होता. मी पट्टीला बोट लावलं. भाजलेला पापड. बटण फिरवलं, पार शेवटपर्यंत फिरवलं. ती जागची हलली नाही. उरलेल्या तीनही पट्ट्या डब्यात. डबा उघडा. फडकं दोरीवर वाळत घातलेलं. चाचांना नीटनेटकेपणाची सवय भारी.

पट्टी मेली, हे मी त्यांना सांगितलं. पंचा काढून त्यांनी उजवा हात समोर धरला आणि तो थरथरताना बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"चार वाजता मीच सांगतो ताईंना," ते म्हणाले. "हात गेला म्हणून. त्यांनी दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा बरं."

मी आणि शमीम मागच्या अंगणात तोंडं पाडून उभे होतो, तेवढ्यात ते रेडिओ काखेत मारून घरात जाऊन आडवे झाले.

"आणि इथूनच," मी श्रेयसला म्हणालो, "तुम्ही मला खोटारडा म्हणायला सुरुवात करायची. मी स्पिरिटनं लाख पुसून काढली. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि पट्टी त्यात सोडली. धूळ चालत नाही म्हणून दार लावून घेतलं. आत मी, शमीम आणि पट्टी. दोन तास."

"दोन तास काय केलंत?"

"वाट पाहिली. मध्येच दाराबाहेरून चाचांचा आवाज आला, 'आत काय घासताय रे?' मी म्हटलं, 'तारांची टोकं!' ते म्हणाले, 'टोकं इतका वेळ घासतात?' मी म्हटलं, 'पुण्याची पद्धत आहे!'"

"आणि पट्टी?"

"साडेतीनला उठली. चक्क आळस दिला तिनं."

कानशीचा आवाज जरा मोठा झाला.

चार वाजता कमलाताई आल्या. बारीक चणीच्या, पांढरी सुती साडी, बरोबर दोन शिष्या. चहा नको म्हणाल्या, पाणी नको म्हणाल्या. खाली बसून तंबोरा मांडीशी घेतला. चाचा समोर. मी साबणाची डबी घेऊन ताईंच्या मागे, दमलेल्या माणसासारखा भिंतीशी रचलेल्या भोपळ्यांना टेकून. शमीम दाराशी उभी, ओढणीचं टोक दोन्ही मुठींत.

"ताई," चाचांनी सुरुवात केली, "आधी एक सांगायचंय. माझा हात..."

"आधी ऐकते," ताई म्हणाल्या.

पहिली तार. दुसरी. तिसरी. मी बटण पावभर फिरवलं.

चौथी तार.

खर्ज असा उठला, की आढ्याचे भोपळे आपापसात बोलायला लागले. ताईंनी हात थांबवला नाही. पुन्हा चारही तारा, पुन्हा. मी कपाळाला आठ्या घालून केसभर इकडे, केसभर तिकडे बटण पिळत होतो. ताईंनी कान तंबोऱ्याच्या दांडीला टेकवला आणि षड्ज लावला. किती वेळ लावला ते विचारू नका. बाहेर एक सायकलवाला पायडल मारायचं विसरला आणि तोल जाऊन पडला. चाचांनी मान खाली घातली होती आणि त्यांचे खांदे गदगदत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

"हमीदमियाँ," ताई शेवटी म्हणाल्या, "हा हात कुठं लपवून ठेवला होतात इतके दिवस?"

चाचांनी तोंड पुसलं. दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग साबणाच्या डबीकडे.

"हात नाही, ताई. मशीन आहे. दिगूनं पुण्याहून आणलंय."

ताईंनी डबीकडे पाहिलं. त्यांना ती फारशी पसंत पडली नसावी. "असू दे. घरचा जुना तंबोरा पाठवते. तोही ह्याच मशीनला दाखवा."

त्या गेल्यावर चाचांनी तारा सैल केल्या, घोडी सोडवून खिडकीशी नेली आणि उजेडात तिरकी धरून कितीतरी वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "हे मशीन मला झेपायचं नाही. तारा काय, बटणं काय. शमीमला शिकव. सोमवारपासून ती पाटावर बसेल. कुणी विचारलं तर सांगायचं, मशीन चालवते."

"आणि तेव्हापासून," मी श्रेयसला म्हणालो, "कमलाताईंचा एकही जोड दुसऱ्या दुकानातून गेला नाही. पुढे शमीमनं मशीन पाहून पाहून कानसही उचलली. आता मशीन निवृत्त आहे, माझ्यासारखंच."

"कुठंय ते?"

"ते काय, फळीवर."

श्रेयस उठला. साबणाची डबी त्यानं अदबीनं खाली काढली. पट्टी अजून तिला लटकत होती.

"काका, एक शंका आहे. अशी पट्टी पूर्ण वाळली, वर लाख चढली, तर ती पुन्हा..."

"आमची उठली."

"हिच्यावर लाख अजून तशीच आहे."

"पुन्हा दिली. शोभेसाठी."

त्यानं डबी उघडली. "सेल नाहीत."

"अहो, सेल काय बावीस वर्षं राहतात?"

"त्या दिवशीही नव्हते," खाटेवरून आवाज आला.

आम्ही तिघांनीही वळून पाहिलं. चाचा भिंतीकडे तोंड करूनच पडले होते.

"तुम्ही दोघं अंगणात रडत उभे होता ना, तेव्हा मी काढून नेले. पट्टी मेली ती मेली, नवे सेल कशाला वाया घालवायचे? माझ्या रेडिओत घातले. तू ताईंच्या मागं बसून कपाळाला आठ्या घालून बटण पिळत होतास, आणि सेल माझ्या उशाशी बातम्या सांगून दमले होते. हसू आवरेना मला. मान खाली घालून बसलो, तर तुला वाटलं म्हातारा रडतोय. खोटारडा कुठला!"

कानस थांबली होती.

"अब्बा," शमीम म्हणाली, "मग तेव्हाच तुम्हाला..."

"घोडी बघितली ना मी उजेडात. माझ्या बापाच्या रेघा, माझ्या रेघा, सगळ्या उजवीकडून डावीकडे उतरतात. त्या घोडीवरच्या डावीकडून उजवीकडे उतरत होत्या. ह्या दुकानात डाव्या हाताचं माणूस एकच आहे. चहा सांडतं ते."

"बावीस वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलणार? पोरीच्या हाती कानस देणार नाही, असा बापाला शब्द दिला होता." चाचा कुशीवर वळले. "मशीनच्या हाती देणार नाही, असा कुठं दिला होता?"

मी श्रेयसच्या हातून साबणाची डबी घेतली आणि पुन्हा फळीवर ठेवली.

"थांबलीस का?" चाचा शमीमला म्हणाले. "पोराच्या आईचा तंबोरा आहे. मघापासून ऐकतोय, खर्जाला अजून दोन रेघा हव्यात. डावीकडूनच."